टाळ्या न पुसणारे काका: लॅमिंग्टन रोडवरचं कॅसेटचं काम

घरात जुन्या कॅसेट असतील, त्या डिजिटल करून घ्यायच्या असतील, आणि त्यातही रॉक मैफली प्रेक्षकांत बसून टिपलेल्या असतील, तर मुंबईत एकाच माणसाकडे जा असं मी सांगेन. लॅमिंग्टन रोडवर, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या माळ्यावर ते काम करतात. बाहेर पाटी नाही. नाव लिहू का विचारलं तर म्हणाले, "नको ताई. गर्दी झाली की घाई होते, आणि घाई झाली की टेप तुटते." म्हणून मी त्यांना इथे नुसतं काका म्हणते. लॅमिंग्टन रोडवर डेक दुरुस्त करणारे जे जुने लोक उरलेत, त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, बोट दाखवतील.

आधी कॅसेटबद्दल सांगते, कारण त्या समजल्याशिवाय काकांच्या कामाचं मोल कळणार नाही. माझा मामा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होता. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात बोट अमेरिकेच्या किंवा युरोपच्या बंदराला लागली की इतर लोक साड्या, परफ्यूम, घड्याळं आणायचे. मामा टीडीकेच्या एसए नव्वद कॅसेटचे खोके आणायचा. काही कोऱ्या, काही भरलेल्या. ऱ्हिदम हाउसमध्ये मिळणाऱ्या रेकॉर्ड त्याच्याकडे होत्याच, पण त्याचा जीव होता तो हॉलमध्ये लोकांत बसून कुणीतरी लपूनछपून केलेल्या रेकॉर्डिंगवर. स्टुडिओतून आलेली नव्हे, मिक्सिंगच्या टेबलावरून ओढलेलीही नव्हे. पंधराव्या रांगेत बसलेल्या माणसाच्या कानाला जे ऐकू आलं ते, जसंच्या तसं. बंदरात ओळख झालेल्या तिथल्या संग्राहकांना तो पत्रं पाठवायचा. समोरच्याला कोरी कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवायचं, तो नक्कल करून परत पाठवणार, पैसे घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत. हा नियम मामाने कायम पाळला. विकलेली टेप त्याच्या घरात आली नाही.

या छंदाला इतिहास आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये ओकलंडला रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम झाला. तो कुणीतरी उहेर कंपनीच्या स्पूल रेकॉर्डरवर (म्हणजे उघड्या चकत्यांवर टेप गुंडाळणाऱ्या यंत्रावर) आणि लांब नळीच्या सेनहायजर मायक्रोफोनवर प्रेक्षकांतून टिपला. त्याची बेकायदा तबकडी इतकी चांगली निघाली की पुढच्या वर्षी त्याच दौऱ्याचा अधिकृत अल्बम आला तेव्हा लोक दोन्ही शेजारी ठेवून बोलू लागले. मग लॉस एंजेलिसचा माइक मिलार्ड. नाकामिचीचा ५५० हा वजनदार रेकॉर्डर आणि एकेजीचे मायक्रोफोन घेऊन हा माणूस सभागृहात जायचा. १९७७ मध्ये तर सामान लपवता यावं म्हणून चाकाच्या खुर्चीत बसून आत गेला. २१ जून १९७७, लेड झेपलिन, इंगलवुडचं फोरम: ही त्याची रेकॉर्डिंग ज्याने ऐकली नाही त्याने त्या बँडचा ड्रमर ऐकला नाही, असं मामाचं मत आहे. माझंही तेच आहे. मिलार्ड १९९४ मध्ये गेला. २६ एप्रिल १९७५ ला त्याने लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरिनात टिपलेली पिंक फ्लॉइडची मैफल डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या अल्बमच्या पन्नाशीच्या आवृत्तीत अधिकृतपणे आली. सुरक्षारक्षकांच्या नजरा चुकवून केलेलं काम पन्नास वर्षांनी खुद्द बँडने आपलं म्हणून छापलं, याचा मला फार आनंद झाला.

सगळ्याच बँडना हे चोरीचं वाटायचं असंही नाही. ग्रेटफुल डेडने तर १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं ठेवली. जगात सगळ्यात जास्त जपून ठेवलेल्या मैफली बहुधा त्यांच्याच असतील.

मामा आता ठाण्याला असतो, कान अजून उत्तम आहेत, पण त्याचा डेक बंद पडला आणि कॅसेटची दोन खोकी माझ्याकडे दादरला आली. पहिल्यांदा मी काही कॅसेट उपनगरातल्या एका चकचकीत स्टुडिओत दिल्या. नाव लिहीत नाही. एसी, काचेचा दरवाजा, रिसेप्शन, सगळं होतं. आठवड्यात पेन ड्राइव्ह मिळाला. त्यावर एमपीथ्री होत्या आणि सोबत अभिमानाने लिहिलेली चिठ्ठी: नॉइज पूर्ण काढलाय. खरंच काढला होता. टेपची सळसळ गेली, आणि तिच्यासोबत झांजांचा वरचा आवाज गेला. गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. दोन गाण्यांमध्ये जिथे वीस हजार लोक ओरडत होते तिथे ठार शांतता. टाळ्या सुरू झाल्या की दोन सेकंदांत कुणीतरी दार लोटून घेतल्यासारख्या बंद. त्यांना वाटलं, गाणं हा माल आणि लोक हा कचरा. ज्या रेकॉर्डिंगचा सगळा अर्थ त्या लोकांत आहे, तिच्यातून लोकच काढले.

काकांकडे गेले तेव्हा म्हणून पहिलंच वाक्य हे बोलले, की काही साफ करू नका. ते हसले नाहीत, नाराजही झाले नाहीत. कपाटातून एक स्पूल काढून दाखवला. काकांची उमेदीची वर्षं गेली ती शास्त्रीय गाण्याच्या खासगी बैठका जपण्यात. गिरगावात लक्ष्मी बागेत आणि लोकांच्या घरच्या दिवाणखान्यांत झालेल्या मैफली रसिकांनी स्पूलवर टिपल्या, त्यांच्या नकला एकमेकांना दिल्या, त्यातल्या कित्येक काकांच्या हातून गेल्या. तिथेही तेच: तंबोऱ्याशेजारी ठेवलेला एक मायक्रोफोन, मध्येच कुणाचं खोकणं, कपबशीचा आवाज, आणि समेवर आल्यावर उठलेली "क्या बात है". काका म्हणाले, "दाद कापली तर गाणं कुणापुढे झालं हे कसं कळणार?" रॉक त्यांनी कधी आवडीने ऐकलेलं नाही. पण प्रेक्षकांतल्या रेकॉर्डिंगचा धर्म त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतो, कारण मुंबईतल्या बैठकींच्या टेप गोळा करणारे लोक आणि मामासारखे लोक एकाच जातकुळीचे आहेत. दोघांनाही गवयाइतकीच ती खोली हवी असते.

आता कामाबद्दल. मुंबईच्या हवेत कॅसेटचा पहिला शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. अशी कॅसेट डेकमध्ये घातली की बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. काका म्हणून प्रत्येक कॅसेट आधी भिंगाखाली बघतात आणि बुरशीवाल्या वेगळ्या काढतात. त्या सिलिका जेलच्या डब्यात काही दिवस सुकतात. मग गुंडाळी बाहेर काढून कडा पुसतात, आणि ती स्क्रूच्या नव्या डबीत बसवतात. जुन्या काही कॅसेटना स्क्रूच नसतात, डबी चिकटवलेली असते. ती पात्याने उघडावी लागते आणि तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १३० मीटर टेप असते, जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त. १२० मिनिटांची तर त्याहून पातळ. ती घ्यायला ते सरळ नकोच म्हणतात, फार आग्रह केला तर घेतात. बुरशीच्या कॅसेट साफ केल्यानंतरही त्यांच्यासाठी एक वेगळाच डेक आहे, चांगल्या डेकला त्या लागतच नाहीत. माझ्या काही कॅसेटमधल्या टेपमागच्या फेल्टचे छोटे चौकोन गोंद सुकून पडले होते. तेही त्यांनी न सांगता बदलून दिले.

पण खरी करामत पुढे आहे, आणि ती मी शेजारी बसून पाहिली. हेडमध्ये एक बारीक उभी फट असते. ती टेपच्या धावण्याशी बरोब्बर काटकोनात असली पाहिजे. ज्या डेकवर टेप भरली त्याचा कोन जरासा तिरका असेल, तर वाजवणाऱ्या डेकलाही तेवढाच तिरका करावा लागतो. नाही केला तर वरचे सूर मरतात. प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली, म्हणून प्रत्येक कॅसेटचा कोन वेगळा. काकांनी फोरमच्या त्या मैफलीची मामाची कॅसेट त्यांच्या जुन्या नाकामिचीत घातली, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केले, हेडफोन मला दिला आणि एक कान स्वतः उघडा ठेवून दुसऱ्यावर आपला हेडफोन धरला. मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या पेचकसाने फिरवायला लागले. फिरवायला म्हणजे, हात हलतोय हे दिसतही नव्हतं. आवाज आधी गोधडीत गुंडाळल्यासारखा होता, तो उघडत गेला. झांज आली. मग झांजेवर काठी पडल्याचा टोकदार आवाज आला. मग एका क्षणी सगळं सभागृह मागे सरकलं आणि उंच झालं. छत कुठे आहे ते कळलं. काकांनी अगदी थोडं पुढे नेलं, परत मिटलं, मागे आणलं, आणि थांबले. "हं. इथे आहे." ही कॅसेट मी पोरवयापासून ऐकतेय. त्यात एवढं होतं हे मला माहीत नव्हतं. त्यात काहीही भरलेलं नाही, संगणकाने काही रचलेलं नाही, जे टेपवर होतं तेच फक्त वाचलं गेलं.

डॉल्बीचं, म्हणजे टेपची सळसळ कमी करणारं बटण ते यानंतरच दाबतात, तेही खोक्यावर तशी खूण असली आणि कानाला पटलं तरच. कोन चुकलेला असताना डॉल्बी लावली तर ती आधीच दबलेले वरचे सूर आणखी दाबते. माझ्या मते घरी कॅसेट वाजवणाऱ्या बहुतेकांचा आवाज इथेच बिघडतो आणि दोष टेपवर जातो.

वेगाची गोष्ट तर मला फारच आवडली. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावते, पण नकलेची नक्कल होताना प्रत्येक डेकची चूक त्यात भर घालते. मामाची १९७५ ची पिंक फ्लॉइडची कॅसेट किंचित चढी वाजत होती. काकांनी संगणकावर खालच्या पट्टीतली गुणगुण काढून दाखवली. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिथल्या उपकरणांची गुणगुण ६० वर आणि तिच्या दुपटीवर म्हणजे १२० वर यायला हवी. आमच्या टेपवर ती १२३ आणि १२४ च्या मध्ये होती. म्हणजे साधारण तीन टक्के वेग जास्त, हार्मोनियमच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्मा चढ. शिवाय खाली अगदी बारीक, बरोब्बर ५० हर्ट्झवर आणखी एक गुणगुण होती, ती आपल्याकडच्या विजेची. त्यातली कुठली मैफलीची आणि कुठली नकलेच्या वेळची हे नुसत्या गुणगुणीवरून ठरवू नये म्हणून त्यांनी ऑर्गनचा सूर तपासला. हॅमंड ऑर्गनची मोटर विजेच्या कंपनसंख्येला बांधलेली असते, त्यामुळे त्याचा सूर सहसा घसरत नाही. तोही तेवढाच चढा निघाला. मग दोन फाइल दिल्या: एक टेप जशी धावली तशी, दुसरी वेग दुरुस्त केलेली. पहिलीला हात लावायचा नाही, ही त्यांची अट आहे. माझीही तीच असती.

आता त्या कॅसेटबद्दल, जिच्यासाठी मी खरं तर गेले होते. ७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स. मामाने शर्टाच्या खिशाला छोटा स्टीरिओ मायक्रोफोन लावला होता आणि सोनीचा वॉकमन प्रोफेशनल पिशवीत. मी शेजारी. जगात या कार्यक्रमाची आणखी कितीतरी रेकॉर्डिंग असतील, याहून चांगलीही असतील. पण यात आमच्या मागचा माणूस पहिल्याच गाण्याला पुढच्याला "ए, खाली बस ना रे!" म्हणून ओरडतो, आणि दुसऱ्या गाण्याला स्वतःच उभा राहून गातो. डावीकडून पाण्याची बाटली विकणारा पोरगा येतो आणि उजवीकडून जातो, डोळे मिटले तर त्याची चाल ऐकू येते. आणि एका गाण्याच्या शेवटी मी कुजबुजते, "मामा, साइड संपत आली," मग खटका, आणि दुसऱ्या बाजूला गर्दीच्या आवाजातच सुरुवात. त्या चकचकीत स्टुडिओच्या फाइलमध्ये यातलं काहीही नव्हतं. माणूस नाही, पोरगा नाही, मी नाही. काकांच्या फाइलमध्ये सगळे आहेत. आणि स्टोन्सही जास्त चांगले वाजतात, कारण गर्दी कुठे आहे ते कळलं की मंच किती लांब आहे तेही कळतं.

मिळतं काय: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही फाइल, नव्वद मिनिटांना सुमारे ३ जीबी, आणि तिचीच एफएलएसी प्रत, म्हणजे आवाजातलं काही न गमावता आकाराने लहान केलेली. एमपीथ्री मागितली तर देतात, पण आधी कारण विचारतात. प्रत्येक कॅसेटसोबत हाताने लिहिलेला कागद: कुठल्या कंपनीची टेप, कुठल्या डेकवर वाजवली, डॉल्बी लावली की नाही, कोन किती हलवावा लागला, टेप कुठे चुरगळलीय, कुठे जोड आहे. खोक्यावर मामाने जे लिहिलं होतं, कुणाकडून आली, कितवी नक्कल, तेही उतरवलेलं. संग्राहकाला हा कागद फाइलइतकाच महत्त्वाचा आहे. वंशावळ नसलेली रेकॉर्डिंग कुणी घेत नाही, घेऊही नये.

दर नव्वद मिनिटांच्या कॅसेटला सहाशे रुपये, बुरशी असेल तर अडीचशे वर. यूपीआय चालतं. स्वस्त नाही, पण कॅसेट पूर्ण वेळ वाजते आणि ते पूर्ण वेळ ऐकतात, त्या हिशेबाने महागही म्हणवत नाही.

तक्रारी आहेत. वेळेचा भरवसा नाही: सांगितलेल्या तारखेला काम झालं असं क्वचित घडतं. फोन उचलत नाहीत. जिना अरुंद आणि अंधारा आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाने वर जाऊ नये, कुणाला तरी पाठवावं. गाणी वेगळी तोडून देत नाहीत, दोन बाजूंच्या दोन अखंड फाइल देतात. ते काम घरी करावं लागतं आणि पूर्ण रविवार जातो. गणपतीत दुकान बंद. त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी नाही, ही मात्र तक्रार नाही, चिंता आहे. हेडचा स्क्रू कानाने लावणारी किती माणसं या शहरात उरली असतील? कुणा तरुण मुलाला किंवा मुलीला इलेक्ट्रॉनिक्सची आणि गाण्याची दोन्हींची गोडी असेल तर त्यांच्याकडे जाऊन बसावं, ते शिकवतील असं मला वाटतं. मी विचारलं तेव्हा नाही म्हणाले नाहीत.

मामाला फोरमची फाइल ठाण्याला जाऊन ऐकवली. पूर्ण ऐकली, मध्ये एक शब्द नाही. मग म्हणाला, "अगं, ही तर तिसरी नक्कल आहे. पहिली नक्कल कुणाकडे असेल सांगू का?" आणि वही काढली. आता त्याची जुनी पत्रापत्री पुन्हा सुरू होणार असं दिसतंय, फक्त यावेळी टपालाऐवजी ईमेलने.

जाणार असाल तर पावसाळ्यात जाऊ नका, दमट हवेत ते बुरशीच्या कॅसेट उघडत नाहीत. दुपारी चारनंतर गेलात तर भेटतात. कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेऊ नका, कागदात गुंडाळा. नेण्याआधी घरच्या डेकवर "एकदा चालते का बघू" म्हणून वाजवू नका; वाजवली होती का, हे ते जिन्यातच विचारतात. आणि खोक्यावर जुनं काही लिहिलेलं असेल, अगदी टेलिफोन नंबर असला तरी, ते खोकं टाकून देऊ नका, सोबत न्या.